जुन्या कार्डावरची चूल

अमरावती, १९ जानेवारी २०२५

गजा,

सप्रेम नमस्कार लिहिणार नाही. तेवढ्यावरूनच ओळख की ताईचा राग अजून उतरलेला नाही. तुझ्या दोस्ताच्या, चंद्रभानच्या पुण्यातल्या खोलीवर पाठवलेलं हे तिसरं पत्र. तू त्याच्याकडे राहतोस हे त्यानंच दिवाळीच्या आधी कळवलं, पण तुझा नवा नंबर काही देत नाही. तू शपथ घातली आहेस म्हणे. फोन केला की त्याचं एकच उत्तर: पत्र आलं की गजाच्या टेबलावर ठेवतो. आधीच्या दोन पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस. पण दोन्ही वेळा चुलीत लाकूड पडलेलं दिसलं, म्हणून मी उत्तर आलं असंच धरून चालले.

आईचं काय झालंय ते तुला सांगायलाच हवं. रोज संध्याकाळी मी चष्म्याच्या दुकानातून घरी आले, चपला काढल्या, की स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, "पडलं काय वं लाकूड?" शेजारच्या पार्वताबाईंना वाटतं, गॅस असून आमच्याकडे अजून लाकडावरच स्वयंपाक होतो. त्यांनी एकदा मला बाजूला घेऊन काही अडचण आहे का, असंही विचारलं.

आईला गेम म्हणजे काय ते कळत नाही. मी तिला एवढंच समजावलंय की कम्प्युटरच्या आत एक बर्फाचा मुलूख आहे, तिथं माझी आणि गजाची एक झोपडी आहे आणि झोपडीत चूल आहे. कोणी लाकूड घातलं नाही तर चूल विझते, आणि बरेच दिवस विझलेली राहिली तर झोपडीच मोडते. मी आळशी, दाराजवळच्या झाडांची तपकिरी लाकडं घालते. गजाला जवळचं काही चालत नाही, तो गोठलेली नदी ओलांडून पांढऱ्या सालीची लाकडं आणतो. तेव्हा चुलीत पांढरं लाकूड दिसलं, की गजा येऊन गेला असं समजायचं. आईनं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे दोन घास खाऊन राहिला तो." तिच्या मते उपाशी माणूस गेममध्ये लाकडं तोडायला जात नाही.

तू घर सोडल्यावर तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पहिल्यांदा ते पांढरं लाकूड दिसलं. मी ओरडले नाही असं मला वाटतं, पण आई कणकेचे हात घेऊन धावत आली म्हणजे ओरडलेच असेन. तेव्हापासून आमच्या घरातला दिवस त्या लाकडावर चालतो. तू मेसेज बंद ठेवलेस, मी असते त्या वेळेला येत नाहीस, ते असू दे. मी रागावत नाही. म्हणजे रागावते, पण चालवून घेते.

बाबा लाकडाचं कधी विचारत नाहीत. आई विचारते तेव्हा ते टीव्हीचा आवाज कमी करतात, एवढंच. आणि तो फ्लेक्स त्यांनी फाडला नाही, हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते. तू तलाठी झालो म्हणून सांगितलंस, गावच्या चौकात तुझा फोटो लागला, तू शाल-श्रीफळ घेतलंस, आणि खरी यादी तुझ्या नावाशिवाय लागली तेव्हा फ्लेक्स तसाच हसत होता. तू त्याच दिवशी गेलास. बाबांनी दुसऱ्या दिवशी शिडी लावून स्वतः तो उतरवला. सध्या तो वावरात तुरीच्या ढिगावर घातलाय, तुझं तोंड आतल्या बाजूला करून. मी विचारलं असा उलटा का, तर म्हणाले, उन्हानं रंग उडतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेमवर सूचना आली आहे. महिनाअखेर मोठा अपडेट येणार, बर्फ जास्त खरं दिसणार, उजेड जास्त खरा दिसणार, आणि आपल्यासारख्या जुन्या ग्राफिक्स कार्डांची जबाबदारी ते घेणार नाहीत. आपलं कार्ड दोन जीबीचं, तूच परतवाड्याच्या कोणाकडून तरी जुनं आणलेलं. ते आताच धापा टाकतं. मला आत जाता आलं नाही तर मी आईला रोज काय सांगू? आणि माझं तपकिरी लाकूड दिसेनासं झालं तर तुला वाटेल, ताईनं पण सोडलं.

तसं काही नाही. काहीही झालं तरी तसं समजू नकोस.

ताई

अमरावती, २ फेब्रुवारी

गजा,

अपडेट आला आणि जे व्हायचं तेच झालं. दार उघडायला पाऊल उचललं की चित्र थिजतं, पुढचं पाऊल पडेपर्यंत सर्व्हर मला बाहेर फेकतो. सगळं खालच्या सेटिंगवर केलं, सावल्या बंद केल्या, बर्फ बंद केला. बर्फाच्या गेममधला बर्फ बंद करून बसले, इतकी वेळ आली. तरी चालेना.

मग शोधताशोधता जुन्या कार्डवाल्यांचा एक ग्रूप सापडला. जगभरची माणसं आहेत, कोणी ब्राझीलचा, कोणी बांगलादेशचा, सगळ्यांची कार्डं आपल्यासारखीच म्हातारी. नवं घेणं जमत नाही म्हणून आपसांत टूलं बनवतात आणि फुकट वाटतात. त्यात मदत करणारी एक मुलगी मराठीतही उत्तरं देत होती. विचारलं तर निघाली अकोल्याची! जुन्या शहरात तिच्या वडिलांचं, ताहेरभाईंचं, कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तुबा तिचं नाव, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. घेऊन या म्हणाली. म्हणून काल सुट्टी टाकली, सीपीयू तुरीच्या पोत्यात घातला आणि एसटीनं निघाले. कंडक्टरनं पोतं टपावर टाका म्हटलं, तेव्हा मी त्याच्याशी जी भांडले ती तू ऐकायला हवी होतीस. मूर्तिजापूरपर्यंत तो माझ्याकडे वळून पाहत नव्हता.

तुझं आणि चुलीचं सगळं ऐकून घेतल्यावर तुबानं मला नीट समजावलं. कार्डाला मोठं चित्र काढायला दम लागतो. तेव्हा त्याच्याकडून लहान चित्र काढून घ्यायचं, आणि टूलनं ते ताणून पडद्याएवढं करायचं. ताणताना मधल्या जागा रिकाम्या राहतात, तिथं काय असावं ते टूल आजूबाजूला पाहून अंदाजानं भरतं. मला लगेच कळलं. दुकानात रोज तेच पाहते. तक्त्यावरची खालची ओळ दिसत नसते, तरी माणूस "दिसते ना" म्हणतो आणि आकारावरून अक्षर ठोकून देतो. पुष्कळदा बरोबरही येतं.

टूल दोन जातींचं आहे. एक बाहेरचं. ते गेमला हात लावत नाही, गेमची छोटी खिडकी बाहेरून ताणतं. बिनधोक, पण चित्र धुरकट. दुसरं आतलं. गेममध्ये चित्र ताणायची स्वतःची चांगली सोय आहे, पण ती फक्त नव्या कार्डांना मिळते. हे टूल गेमच्या फोल्डरमध्ये आपली फाईल ठेवतं आणि गेमला सांगतं की कार्ड नवं आहे. गेम विश्वास ठेवतो आणि सगळं लख्ख दिसायला लागतं. ते ऐकताना मला तू आठवलास, हे खरं सांगते, रागावू नकोस.

मी आतलंच टाक म्हटलं. तुबा ऐकेना. "ताई, एकट्यानं खेळाच्या गेमले लावा, कोणी काही म्हनत नाई. पन हा ऑनलाईन हाये. ह्याच्यात चोर पकडनारा पहारेकरी बसवलेला अस्ते. त्याले वाटते तुमी लबाडी करून राहिल्या. खातं कायमचं बंद होते, मंग कोनी आयकत नाई."

तेव्हा बाहेरचंच टाकून आणलं. आज संध्याकाळी आत गेले. चालता येतं, दार उघडतं, कोणी बाहेर फेकत नाही. पण सगळं चष्मा काढून पाहिल्यासारखं दिसतं. चुलीशेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं ना, शेवटचं लाकूड कोणी आणि कधी घातलं, ते तर मुंग्यांची रांग झालंय. चुलीत मात्र काहीतरी पांढरं आहे. लांबट, कड असलेलं. लाकूडच असणार.

आईनं विचारलं, पडलं काय. मी हो म्हटलं.

ताई

अमरावती, १२ फेब्रुवारी

गजा,

एक विचारते, खरं सांग. तू आजारी आहेस का?

ते पांढरं लाकूड रोज तसंच दिसतं. त्याच जागी, त्याच कोनात. जळणारं लाकूड लहान होत जातं, हे लहान होत नाही. मी तपकिरी लाकूड घातलं की ते जळून संपतं आणि खाली ते पांढरं पुन्हा तसंच. आधी म्हटलं, तू रोज येऊन तसंच नवं ठेवत असशील. तू आहेसच तसा, शाळेत वह्यासुद्धा एकाच कोनात लावायचास. मग म्हटलं, राखही पांढरीच असते.

हे एकदा मनात आलं की जाईना. दुकानात एका आजोबांना जवळच्या नंबरऐवजी लांबचा चष्मा दिला. आमचे मालक खुशालराव फार कधी बोलत नाहीत, तेही म्हणाले, प्राजक्ता, तब्येत बरी नसेल तर घरी जा. घरी कशी जाऊ? घरी आई आहे.

पहिल्या दिवशी मी हो म्हटलं कारण मला खरंच तसं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी जरा शंका होती, पण आदल्या दिवशी हो म्हटलेलं होतं. आणि हो म्हटलं की आईचा चेहरा असा काही उजळतो, गजा, की त्यापुढे खरं-खोटं काय करायचं तेच कळत नाही. मग तिसरा दिवस. आता ती शेजारणींना सांगते, "गजू बरा हाये, रोज खुशाली कळवून राहिला." काल तुझ्या आवडीचे पातोडे केले आणि वाटी भरून झाकून ठेवली. कोणासाठी, ते मी विचारलं नाही, आणि रात्री बाबांनीच ती खाल्ली.

तुझ्या त्या तलाठीच्या प्रकरणावरून मी तुला मनात फार शिव्या दिल्या होत्या. एवढं मोठं खोटं कोणी बोलतं का, असं वाटायचं. आता कळतं, मोठं कोणीच बोलत नाही. समोरच्या माणसाचा चेहरा पाहून एक लहानसं हो निघतं, आणि पुढचं सगळं लोकच करतात, पेढे आणतात, फ्लेक्स लावतात. तुला माफ केलं असं समजू नकोस. पण तू शाल पांघरून त्या खुर्चीत कसा बसला असशील, ते मला आता दिसतं.

चंद्रभान फोन उचलत नाही. हे पत्र मिळालं की फक्त एक लाकूड तिरपं टाक. किंवा दोन टाक. वेगळं काहीतरी कर, म्हणजे मला कळेल.

ताई

अमरावती, २० फेब्रुवारी

गजा,

हे पत्र कोणत्या पत्त्यावर पाठवायचं ते मला माहीत नाही. तरी लिहिते, कारण लिहिलं नाही तर मी आईसमोर जाऊन सगळं ओकेन.

तुबाला न सांगता मी ते आतलं टूल ग्रूपवरून उतरवून घेतलं. कसं टाकायचं ते तिथं सोप्या भाषेत लिहिलेलं आहे, आणि सर्वांत वर लाल अक्षरांत, ऑनलाईन गेमला वापरू नका, असंही. मी ते वाचलं. पण मला ती बारीक अक्षरं वाचायचीच होती, दुसरं काही सुचत नव्हतं. म्हटलं एकदाच लावू, वाचू आणि काढून टाकू.

गजा, काय लख्ख दिसलं ते! आपल्या झोपडीच्या फळ्यांना गाठी आहेत, हे मला आजवर माहीत नव्हतं. खिडकीतून नदी दिसते. आणि चुलीत राख होती. नुसती राख, एका बाजूला ढकललेली. त्या धुरकट चित्रात टूलनं तिला ताणून, कडा काढून लाकूड केलं होतं. शेजारची अक्षरं स्पष्ट वाचली. तुझं शेवटचं लाकूड अपडेटच्या आदल्या दिवशीचं. त्यानंतर सगळीकडे माझंच नाव.

म्हणजे इतके दिवस तू आलाच नाहीस. आणि इतके दिवस मी आईला रोज हो म्हणत होते.

चंद्रभानच्या मागे मी हात धुऊन लागले, त्याच्या भावाकडून फोन करवला, तेव्हा एकदाचा बोलला. तू दिवाळी झाल्यावरच तिथून गेलास. कुठं, ते त्यालाही माहीत नाही. शपथ तू घातली होतीस, म्हणून तो मला टेबलावर ठेवतो, ठेवतो असं सांगत राहिला. माझी सगळी पत्रं त्याच्याकडे न फोडता पडून आहेत. त्याला काय बोलले ते इथं लिहीत नाही. रडायला लागला बिचारा. त्याचंही तेच, मला बरं वाटावं म्हणून पहिल्या दिवशी एक हो.

म्हणजे तू माझं एक अक्षर वाचलेलं नाहीस. फ्लेक्सचंही तुला माहीत नाही.

दिवाळीपासून अपडेटपर्यंत मग तू कुठून लाकडं टाकत होतास? आणि आता का थांबलास? माझ्या डोक्यात काय काय येतं ते लिहिणार नाही. दुकानासमोरून ॲम्ब्युलन्स गेली तरी दारापर्यंत धावते.

आज आईनं विचारलं तेव्हा मी लाईट गेले होते म्हणाले. लाईट होते. टीव्ही चालू होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

ताई

अमरावती, ४ मार्च

गजा,

खातं बंद झालं. टूल एकदाच लावून काढणार होते, पण रोज एकदा लख्ख पाहावं असं झालं होतं. न जाणो, आज त्या बारीक अक्षरांत तुझं नाव आलं असेल. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी उघडलं तर पडद्यावर एकच ओळ: लबाडीचं सॉफ्टवेअर वापरल्यामुळे हे खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे. झोपडी माझ्या नावावर होती. तूच म्हणाला होतास, ताई तुझ्या नावावर कर, मी काही टिकणारा माणूस नाही. खात्याबरोबर तीही गेली. मी अर्ज केला, सगळं खरं लिहिलं. यंत्रानं लिहिल्यासारखं उत्तर आलं की निर्णय बदलणार नाही.

चार दिवस मी तोंड लपवत फिरले. मग काल आईला जवळ बसवून सांगितलं. लाकूड नव्हतं, राख होती, मला दिसत नव्हतं तरी मी हो म्हणत होते, आणि आता तर झोपडीच गेली. मला वाटलं ती छाती बडवेल. ती भाजी निवडत होती ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "तू बी, प्राजू?"

एवढंच. मला मारलं असतं तरी चाललं असतं.

बाबा आत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. खाटेवर बसले आणि पहिल्यांदा, तू गेल्यापासून पहिल्यांदा, त्यांनी तुझं नाव घेतलं. गजूचा फोटो घेऊन पोलिसात जाऊ म्हणाले. फोटो शोधला तर त्यातल्या त्यात नवा असा एकच, फ्लेक्सवरचा. ते आज वावरात जाऊन तो काढून आणणार होते. काल रात्री आमच्याकडे कोणी जेवलं नाही.

आणि आज दुपारी तुबाचा फोन आला. मी दुकानात एका बाईंना फ्रेम दाखवत होते. तुबा आधी माझ्यावर चिडलीच, खातं गेल्याचं तिला ग्रूपवर कळलं होतं. मग म्हणाली, थांबा, एक वाचून दाखवते. ग्रूपवर काल कोणीतरी मराठीत प्रश्न टाकलाय. नाव खोटंच आहे, फोटो नाही. तिनं वाचलं, आणि मी पुन्हा वाचायला लावलं, आणि नंतर तिला तो जसाच्या तसा पाठवायला सांगितला. असा आहे:

"दोन जीबीचं जुनं कार्ड आहे. अपडेटपासून बर्फवाला गेम चालून नाही राहिला, सर्व्हर बाहेर फेकते. महिनाभर सगळं करून पाहिलं. मले खेळायचं नाही. एक झोपडी आहे, तिचं दार उघडून चुलीत लाकूड टाकता आलं म्हंजे झालं. बाकी काही नाही दिसलं तरी चालते. मी मूर्तिजापूरला आहे. वऱ्हाडात कोणी करून देते काय?"

गजा, समोरच्या बाईंना फ्रेम उलटी लावून मी आरसा दाखवला. त्या बिचाऱ्या छान आहे म्हणाल्या.

मूर्तिजापूर! पोतं मांडीवर घेऊन मी तुझ्या स्टँडवर दहा मिनिटं बसले होते, एसटीत. तुझं कार्डही जुनं असेल, हे मला सुचलंच नाही. मी मरणाचा विचार केला, ॲम्ब्युलन्सचा केला, पण तुझाही कम्प्युटर माझ्यासारखाच बसला असेल एवढा साधा विचार केला नाही.

तुबानं तुला उत्तर दिलंय, सीपीयू घेऊन रविवारी अकोल्याला या. माझं नाव घेतलेलं नाही. घेतलं तर तू येणार नाहीस, अशी आम्हा सगळ्यांनाच भीती आहे.

ताई

अकोला, ९ मार्च, रविवार

गजा,

हे पत्र टपालात टाकायचं नाही. ताहेरभाईंच्या दुकानात मागच्या बाजूला, बंद पडलेल्या मॉनिटरांच्या मांडणीआड, एका स्टुलावर बसून लिहिते आहे. मधे पडदा आहे. तू आलास आणि माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही, तर हे तुझ्या हातात देईन. आधीची सगळी पत्रं चंद्रभाननं परत पाठवली, तीही पिशवीत आहेत.

यांचे रोजे चालू आहेत, तरी तुबानं माझ्यासाठी समोरून चहा मागवला. त्यांच्यासमोर पिऊ कशी म्हणून तसाच ठेवला, तर ताहेरभाई म्हणाले, "पिऊन घ्या बेटा, तुमचं तोंड पाहून आमालेच चक्कर येऊन राहिली." प्यायले.

आई यायला निघाली होती, साडी बदलून दारात उभी. मी समजूत काढून बसवली. सध्या फोन मांडीवर ठेवून बसली असेल. बाबांना मी म्हटलं, तुम्ही चला. ते चपलांपर्यंत गेले, परत येऊन बसले. मग म्हणाले, "मी नाई येत. मले पाहून तो मोर्णेच्या पुलावरूनच वापस जाईन. तू सांग त्याले, मी काही इचारनार नाई म्हना." बाबा असं बोलतील हे मला कोणी सांगितलं असतं तर मी पैज हरले असते.

मला भीती वेगळीच आहे. तू एवढं लांबून सीपीयू उचलून आणतो आहेस तो एका चुलीसाठी, आणि ती चूल आता कुठंच नाही. तुबा तुझा गेम चालू करून देईल, तू धावत नदी ओलांडून जाशील आणि तिथं सपाट बर्फ असेल. हे तुला माझ्याकडून कळायला हवं, पडद्याकडून नाही. झोपडी मी घालवली. दिसत नव्हतं ते पाहायच्या हट्टापायी घालवली. तू चिडशील. चिड, पण इथं बसून चिड. उठून जाऊ नकोस, एवढंच मागते. तुला कोणी तलाठी हो म्हणणार नाही, गावात चल म्हणणार नाही. मूर्तिजापूरला जिथं काही काम करत असशील तिथंच राहायचं तर राहा. आम्हाला फक्त तो अंदाज नको आता. तू जसा असशील तसा, तेवढाच दिसायला हवा आहेस.

तुबानं पडद्याच्या कडेनं हात हलवला.

कोणीतरी आलंय. काहीतरी जड जमिनीवर ठेवलं. पायातली चप्पल बाहेर काढून आला, म्हणजे तूच. दुकानात कोण चपला काढतं? तुबा विचारते आहे, कोणता गेम. तू सांगतो आहेस. आवाज बसलेला आहे तुझा, सर्दी झाली आहे का?

ती विचारते आहे, समजा नाहीच चालला तं काय होते, दुसरा गेम टाकून देऊ काय. आम्ही ठरवलं होतं त्यात हे नव्हतं, ती मनानंच विचारते आहे.

तू म्हणालास, "नाई नाई, हाच पायजे. घरी पाहत असतीन रोज. महिना झाला, लाकूड नाई पडलं. समजतीन, मेलो मी."

गजा, मी उठते. बाकीचं तोंडी.